जांभळाची तांबडी दारू

आवडीला पहिली मुलगी झाली ते साल एकोणीसशे तीस. बाळंतपण माहेरी झालं, पोलादपूरच्या वरच्या अंगाला डोंगरातल्या वाडीत. नवरा दत्ताराम मुंबईला गिरणीत होता. मूल सुखरूप होतं, पण आवडीचं रक्त फार गेलं. महिना उलटला तरी भिंत धरल्याशिवाय तिला उभं राहवेना. ओठ पांढरेफटक पडले होते.

तिचा बाप महिपत तरणेपणी मुंबईत दारूच्या एका वखारीत हमाल होता. तिथल्या गोवेकर म्हाताऱ्यानं त्याला सांगितलं होतं की द्राक्ष काळं असलं तरी रस फिकाच, रंग सारा सालीत. साल लगेच काढली तर पांढरी दारू, रातभर ठेवली तर गुलाबी, आठवडाभर मुरवली तर तांबडी. तो तिन्ही पेले पांढऱ्या फडक्यावर मांडून रंग जोखायचा. आजारातून उठणाऱ्या मडमांना डॉक्टर तांबडीच पाजतात, तिनं रक्त भरतं, असंही म्हणायचा. महिपतच्या मनात ते रुतून बसलं होतं.

वाडीत द्राक्षं कुठली? पण जेठात जांभळं पिकली होती. त्यानं पाट्या भरून आणली, हातानं चुरली, वर गूळ घातला. थोडी मडक्यात ठेवून दुसऱ्या दिवशी सालं गाळली आणि रस तसाच आंबू दिला. ती गुलाबी निघाली. बाकीची मुरवायला दुसरं मडकं धड नव्हतं, म्हणून तांब्याचा मोठा हंडा घेतला. कल्हईवाला त्या उन्हाळ्यात डोंगर चढून आलाच नव्हता. हंड्याची कल्हई पार उडून आत नुसतं तांबं उघडं पडलं होतं.

त्याची बायको रखमा म्हणाली, "त्यात मी ताकबी ठेवीत नाय. कळकंल."

"ताक नि दारू एक हाय काय गो? वखारीत पिंपांना पितळेच्या तोट्या हुत्या. एक तरी साहेब मेला काय?"

आठवडाभर तो वर येणारी सालं पळीनं खाली दाबत राहिला. मग औषधाच्या दोन बाटल्या भरून बाळाच्या धुतलेल्या दुपट्यासमोर धरल्या. गुलाबीतून पलीकडचं बोट दिसत होतं. तांबडीतून काहीच दिसेना. तो खूश झाला. चव बघितली तर जीभ आखडली, पण जांभूळ तुरट असायचंच.

बनुबाई सुईण आली होती. "म्हिपत, मुंबैत पिंपं उचललीस नि वैद्य झालास काय रे? त्यापेक्षा ती गुलाबी दे. पोटाला हलकी पडंल."

गुलाबीत रक्त कुठून येणार, असं म्हणून त्यानं तिला उडवून लावलं. सकाळ-संध्याकाळ वाटीभर तांबडी सुरू झाली. दोन-तीन दिवसांत आवडीला ओकाऱ्या लागल्या. वाईट बाहेर पडतंय, असं म्हणत त्यानं वाटी वाढवली. पुढं तिचे डोळे पिवळे झाले.

"बाबा, तोंडात पैसा धरल्यागत लागतंय," ती म्हणाली. आजारात तोंड कडू होतंच, असं त्यानं समजावलं. बापानं एवढा खटाटोप केला म्हणून तीही मुकाट्यानं पीत राहिली.

हंडा रिता झाला तेव्हा रखमानं तो धुवायला काढला. आतून तो चिंच लावल्यासारखा लखलखत होता. तिनं नवऱ्याला हाक मारली.

"हा मी घासलेला नाय," ती म्हणाली.

महिपतनं वाकून आतून बोट फिरवलं. मग त्यानं उरलेली गुलाबी त्याच हंड्यात ओतली आणि शेजारी बसून राहिला. संध्याकाळपर्यंत ती मळकट, हिरवट झाली. तांबडीतसुद्धा हंड्याचं तांबं असंच उतरलं होतं. गडद रंगात ते दिसलं नव्हतं एवढंच.

दुसऱ्या दिवशी डोली बांधून आवडीला महाडच्या डॉक्टरकडं न्यायला निघाले. सावित्री नदीला पूर होता, होडीवाला पाण्यात उतरायला तयार नव्हता. माणसं काठावर डोली टेकून बसली. महिपत तिच्या उशाशी बसला होता. घरी बनुबाईनं मुलीला शेळीच्या दुधावर घेतलं. ती जगली.

आवडी सावित्रीच्या काठावर, आषाढ शुद्ध नवमीला, दिवस मावळायच्या आधी गेली.