गुडघ्याचा काटकोन

मित्रांनो, मी एका सुताराचा जुना गुण्या आहे. एक लोखंडी पाते, एक लाकडी दांडी आणि दोघांमध्ये पक्का काटकोन, एवढाच माझा संसार. दांडी सुताराच्या वडिलांनी बसवली. चाळीस वर्षे मी दारे-खिडक्यांच्या चौकटी तपासल्या. "हा कधी चुकत नाही," असे सगळे म्हणत. ऐकून ऐकून मला त्याचे काही वाटेनासे झाले.

सुताराची चौदा वर्षांची मुलगी सायकलवरून पडली आणि तिचे मांडीचे हाड मोडले. ऑपरेशन झाले, हाड जुळू लागले, पण गुडघा वाकेना. व्यायाम करून घेणाऱ्या बाई पाय दाबत, पोरगी दवाखाना डोक्यावर घेई, आणि सुताराचा चेहरा एवढासा होई. "नव्वद अंशांपर्यंत वाकला की अर्धी लढाई जिंकलो," असे बाईंनी सांगितले.

नव्वद म्हणजे काटकोन! सुताराला हुरूप आला. रोज संध्याकाळी पोरीला स्टुलावर बसवून तो मला स्टुलाच्या कडेला लावी आणि तिची नडगी पात्याला टेकते का ते पाही. तिसऱ्या आठवड्यात टेकली. "बसला गं बाई काटकोन!" म्हणत तो कित्येक दिवसांनी हसला. दवाखान्याच्या फेऱ्या बंद झाल्या.

त्याने मला मांडीला नव्हे, स्टुलाला लावले होते. मला कळत होते. पण गुण्याला ओरडता येत नाही, आणि खरे सांगायचे तर वाईटही वाटत नाही.

दोन महिन्यांनी तपासणीला सुतार मला मोठ्या कौतुकाने पिशवीतून घेऊन गेला. बाईंनी मुलीला उताणी झोपवून गुडघा मोजला. पंचाहत्तर.

"हाड छान जुळलंय, पण गुडघा आखडलाय. हे दोन महिने फार मोलाचे होते हो."

"अहो, मी रोज मोजतोय!" सुताराने मला पुढे केले.

"बाबा, मी कंबर उचलायचे," मुलगी म्हणाली. "मग मांडी उतरती व्हायची आणि नडगी पात्याला टेकायची. झग्याखाली दिसायचं नाही."

"का गं असं केलंस?"

"तुम्ही हसायचात म्हणून."

सुताराने मला परत पिशवीत टाकले. बाई म्हणाल्या, "अजून वेळ गेलेली नाही. पण आता जास्त दुखेल."

खूप दुखते. सुतार तिचा हात धरून बसतो. गुडघा कितपत वाकेल, ते कोणीच सांगत नाही.

मित्रांनो, मला लाकडापुरतेच ठेवा. आणि घरात कोणी आजारी असेल, तर तुमच्या समाधानासाठी त्याला बरे झाल्याचे दाखवावे लागू नये, एवढी त्याला रडायला मुभा द्या.