खिडकीतून टाकलेले रुमाल

"आबा, दाबू का आता?"

"नको. थांब. परत दाबलं की नंबर मागे जातो."

पूनमला मी हे सांगितलं तेव्हा दहा वाजून तीन मिनिटं झाली होती. आमच्या पुढच्या खोलीतल्या खुर्चीवर ती अगदी टोकाला बसली होती. मांडीवर दिपमाला, हातात फोन. फोनवर एक पांढरं वर्तुळ नुसतं फिरत होतं आणि दिपमाला ते बोटाने पकडू पाहत होती. अंगणवाडीतल्या मुलांना लावतात तसा तिच्या फ्रॉकला पिनेने रुमाल लावला होता.

पूनम म्हणजे उखर्डूची सून. उखर्डू असोद्याचा, आमच्या डेपोत ड्रायव्हर होता. त्याची ही नात जन्मापासून बहिरी. धुळ्याच्या एका ट्रस्टने शिबिर ठेवलं होतं. बहिऱ्या मुलांच्या कानात यंत्र बसवून देणार होते, तेही फुकट. वय पाच वर्षांच्या आत हवं. जागा एकशे वीस. नोंदणी फक्त मोबाइलवरून, सकाळी दहाला सुरू. दिपमाला पुढच्या महिन्यात पाच वर्षांची होणार होती.

नोंदणीचं हे सगळं काम माझी मुलगी प्रज्ञा बघत होती. तिची कंपनी जळगावातलीच, लहानशी. प्रज्ञा घरूनच काम करते. म्हणूनच उखर्डूने सुनेला आमच्याकडे पाठवलं होतं. "पितांबरभाऊकडे बसून भर. तेथी चूक व्हनार नाई," असं तो म्हणाला होता म्हणे.

प्रज्ञाने मला एकदा समजावून सांगितलं होतं. नोंदणीचं काम करणारी यंत्रं, म्हणजे कॉम्प्युटर, कुठे तरी लांब, भाड्याने घेतलेले असतात. गर्दी वाढली की आपोआप आणखी यंत्रं सुरू होतात, ओसरली की बंद होतात.

"म्हणजे जादा गाडी," मी म्हणालो होतो. एसटी स्टँडवर एकतीस वर्षं मी वाहतूक नियंत्रक होतो. मला दुसरं काय सुचणार? ती हसली आणि त्या यंत्रांना तिने खरोखरच जादा-एक, जादा-दोन अशी नावं दिली. पुढे बरेच दिवस मी मनातल्या मनात त्याचा आनंद घेत होतो.

शिबिराच्या आठ दिवस आधी तिने मला तालीम दाखवली. पडद्यावर एक रेघ चढत होती.

"बाबा, ही माझी माणसं. तीन हजार. खोटी आहेत, पण खऱ्यासारखी येतात, अर्ज उघडतात, भरतात, जातात."

"आणि उघडलाच नाही तर?"

"थांबतात. अर्धा मिनिट. मग निघून जातात."

बोलायचं ते तेव्हाच बोलायला हवं होतं. माझ्या स्टँडवर अर्ध्या मिनिटात कोणी निघून गेलेलं मी एकतीस वर्षांत पाहिलं नाही. लग्नसराईत जामनेरची गाडी अजून वळत असायची आणि खिडक्यांतून आत रुमाल पडायचे. एकाच माणसाचा एका सीटवर रुमाल, दुसऱ्यावर टोपी, तिसऱ्यावर खिडकीतून ढकललेलं पोर. दारातून पहिला माणूस चढायच्या आत गाडी भरलेली असे. रांगेत नीट उभी राहिलेली बाई चढून बघायची तर आत सगळीकडे रुमाल, आणि माणूस एकही नाही.

हे सगळं माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. पण शिकलेल्या मुलीपुढे मी वाक्य मनात तोलत बसतो, आणि तोलून होईपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. आपल्याला काय कळतं त्यातलं, असं म्हणून मी रिकामा कप उचलला आणि आत गेलो.

आता आतल्या खोलीतून प्रज्ञाचा आवाज येत होता. फोनवर धुळ्याचे जीवराम होते, ट्रस्टचे कारकून. त्यांचा आवाज पुढच्या खोलीपर्यंत पोचत होता.

"ताई, बठ्ठं बंद पडी गयं! लोके माले शिव्या देई ऱ्हायनात!"

"जीवरामभाऊ, चार मिनिटं द्या. जादा यंत्रं सुरू होतायत."

"चार मिन्टमा तर माले खाई टाकतीन!"

मी दारात जाऊन उभा राहिलो. रेघ सरळ वर गेली होती आणि तिथेच तुटली होती. प्रज्ञाच्या कपाळावर घाम होता.

"तीन हजार धरले होते, साडेअकरा हजार आलेत," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "एकेका घरातून चार-चार फोन, बाबा. बापाचा, मामाचा, शेजाऱ्याचा. अर्ज उघडला की नंबर दहा मिनिटं धरून ठेवायचा, असं मी ठेवलंय. पहिल्याच मिनिटात एकशे वीसच्या एकशे वीस धरले गेलेत. आणि भरत कोणीच नाहीये."

"रुमाल टाकलेत," मी म्हणालो.

तिने वळून पाहिलं. "तुम्हाला माहीत होतं हे?"

तेवढ्यात तिचा दुसरा फोन वाजला.

जादा यंत्रं सुरू झाली. पूनमच्या फोनवरचं वर्तुळ गेलं आणि अक्षरं आली. तिने एकेक शब्द बोटाने वाचला. "सर्व क्रमांक राखीव आहेत. कृपया थांबा." मग माझ्याकडे पाहिलं. "थांबा म्हनते, आबा."

"मग थांब."

पान आपोआप बदलेल असं मला वाटलं. प्रज्ञाला विचारावं असं मनात आलं होतं. पण ती दोन फोनांवर एकदम बोलत होती, आणि मध्ये बोलायचा धीर मला झाला नाही.

दहा वाजून अकरा मिनिटांनी ती दहा मिनिटं संपली. धरलेले नंबर सुटले आणि पाऊण मिनिटात गेले, न थांबता दाबत राहिलेल्या बोटांकडे. पूनमचा फोन त्यानंतरही कृपया थांबा म्हणत होता. साडेदहाला प्रज्ञा बाहेर आली तेव्हा ती थांबलेलीच होती.

"वहिनी, तुम्ही परत दाबलं नाही?"

"आबानं सांगतलं, दाबू नको. नंबर मागं जाते."

"त्या वर्तुळाखाली तसं लिहिलं होतं ना," मी म्हणालो.

प्रज्ञा भिंतीला टेकली. "नंबर मागे जात नाही, बाबा. लोकांनी सारखं दाबू नये म्हणून मी तसं लिहिलं होतं."

दिपमाला फोनवर बोट मारत होती.

मी प्रज्ञाच्या मागे आत गेलो आणि आयुष्यात पहिल्यांदा रांग मोडायची गोष्ट बोललो. "तुझ्याकडे किल्ली असते ना? टाक तिचं नाव."

तिने यादी उघडली. सात मुलांची नावं दोनदा लागली होती, दोन वेगवेगळ्या फोनांवरून. म्हणजे सात जागा मोकळ्या होत होत्या.

"त्यातली एक," मी म्हणालो.

"त्या प्रतीक्षा यादीला जातात. यादीत दोनशे अकरा पोरं आहेत. वहिनी त्या यादीतही नाहीत, बाबा. त्यांनी परत दाबलंच नाही." ती माझ्याकडे वळली. "तुम्ही दिली असती जागा, रांग मोडून?"

"दिली असती."

"खोटं बोलताय."

ती रडत होती. मीच तिला लहानपणापासून सांगत आलो होतो, स्टँडच्या खिडकीवर बसलेल्या माणसाने ओळख ठेवायची नसते.

बाहेर आलो तर पूनम उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. "जाऊ द्या आबा. ताईले नका बोलू." तिने दिपमालाला कडेवर घेतलं. उंबऱ्यावर थांबून विचारलं, "असोद्याची गाडी किती वाजता हाये?"

"अकरा पन्नास," मी म्हणालो. तेवढं मला पाठ होतं.

संध्याकाळी प्रज्ञाने मला बोलावलं. पुढच्या शिबिरासाठी तिला नवी माणसं बनवायची होती.

"सांगा बाबा. लोक कसे चढतात?"

मी सांगत गेलो. रुमाल, टोपी, खिडकीतून पोर, मागच्या दाराने मेहुणा. ती लिहीत गेली. एका माणसाचे चार फोन. दर दोन सेकंदांनी दाबणं. कधीच निघून न जाणं. मला अडखळायला झालं नाही. इतकं मी तिच्याशी कधी बोललो नव्हतो.

"आणि एकदाच दाबून, सांगितलं तसं थांबणारे?" तिने विचारलं. "ते किती धरू?"

मी पुढच्या खोलीकडे पाहिलं. पूनमच्या खुर्चीवर दिपमालाचा रुमाल राहिला होता, पिनेसकट. सकाळपासून त्या खुर्चीवर आम्ही दोघंही बसलो नव्हतो.

"एक धर," मी म्हणालो.