हाडाला टेकणारी गिटार

मी एक जुनी इलेक्ट्रिक गिटार आहे. मित्रांनो, गिटार म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे जे चित्र येतं, त्याच्याशी मला ताडून बघू नका. मला कंबर नाही. माझं अंग म्हणजे एक जाड, तिरपा फळा. त्याच्या वरच्या कडेतून वीतभर लांब, वाकडी चोच निघाली आहे. त्या चोचीमुळे शेजारच्या सुतारकाकांनी मला बगळा म्हटलं आणि तेच नाव पडलं.

माझा जन्म मोटारी दुरुस्त करण्याच्या दुकानात झाला. पंख्यांच्या, पंपांच्या जळलेल्या मोटारी तिथे यायच्या. त्यांची काळी पडलेली तार उलगडून नवी तार गुंडाळायची, हे ताईचं काम. दुकान ताईचंच होतं. ताईची धाकटी बहीण, जिला सगळे छोटी म्हणत, ती गिटार वाजवायची. दुपारी शिकवण्या घ्यायची, शनिवार-रविवारी ऑर्केस्ट्रात वाजवायची आणि दुकानात काम साचलं की ताईच्या हाताखाली बसायची.

एकदा असंच काम साचलं होतं. छोटीने पंपाच्या मोटारीची वायर सोडवायला घेतली आणि विचारलं, "ताई, स्विच बंद आहे ना?"

ताईने मान वर न करता सांगितलं, "लाव हात, बंद आहे."

बंद नव्हता. छोटी वाचली. जखमाही भरल्या. पण डाव्या हाताच्या मधल्या तीन बोटांतली संवेदना गेली ती गेलीच. बोटं हलत होती, पण ती कुठे टेकली आहेत हे त्यांना कळत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, "नसेचं काम आहे. आलं तर येईल, नाहीतर नाही."

त्यानंतर घरात या विषयावर कुणी बोललं नाही. दोघी एका ताटलीतून चिवडा खायच्या, कपडे वाळत घालायच्या, दिवे मालवायच्या. छोटीची गिटार कपाटावर गेली. ती रडल्याचं कुणी पाहिलं नाही. ताई रडल्याचंही नाही.

चार महिन्यांनी ताई एक जुनं वर्तमानपत्र घेऊन छोटीपुढे बसली. "हात इकडे कर," म्हणाली. तिने छोटीचा पंजा कागदावर ठेवून पेन्सिलीने भोवती रेघ मारली. मग दोरीने मांडीपासून गळ्याखालच्या आडव्या हाडापर्यंतचं अंतर मोजलं. छोटीने का म्हणून विचारलं नाही. ती रेघ आणि ती दोरी, तिथून माझी सुरुवात.

मोटार बिघडली की ताई एक लांब पेचकस तिच्या अंगाला लावायची आणि त्याची मूठ स्वतःच्या कानामागच्या हाडाला टेकवायची. आत काय खडखडतंय ते तिला हाडातून कळायचं. बोटांना कळत नसेल, तर हाडाला कळेल, एवढाच तिचा हिशोब होता.

माझं अंग तिच्या कामाच्या टेबलाच्या फळ्यातून कापलं. मान, म्हणजे तारांखालची लांब पट्टी, सुतारकाकांनी करून दिली. चोच पहिल्यांदा सरळ केली होती. ती छोटीच्या गळ्यात रुतली आणि तिला ठसका लागला. दुसरी चोच काकांनी गोलाईत तासली. ताई तिच्या टोकाला कापसाची गादी शिवायला निघाली, तेव्हा काका वैतागले.

"कापूस घालतेस? मग सगळा सूर कापूसच खाईल. माणसाच्या कानात बोळे घालून त्याला गाणं ऐकवण्यातला प्रकार आहे हा."

गादी शिवायची राहिली. टोक घासून घासून गुळगुळीत केलं, इतकंच.

तारांच्या खाली लोहचुंबक आणि त्याच्याभोवती केसासारख्या तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. माझा आवाज तिथून येतो. वेढे घालण्यात ताईचा हात धरणारं कुणी नव्हतं, पण मोटारीची तार जाड असते. ही तार दोनदा तुटली. तिसऱ्यांदा पूर्ण झाली, तर मी गाण्याऐवजी नुसती घुमायला लागले. दुकानातल्या सगळ्या मोटारींची गुणगुण माझ्या अंगात शिरत होती. ताईने आणखी एक वेटोळं केलं, पहिल्याच्या उलट्या दिशेचं. मग एकाची घुमघुम दुसऱ्याने खाल्ली आणि मी गप्प झाले. या धडपडीत तिचे सात महिने रात्रंदिवस गेले. तिला आनंद झाला का, ते मला सांगता येणार नाही. तिचा चेहरा कामाचा होता.

छोटी खुर्चीत बसली. चोचीचं टोक तिच्या गळ्याखालच्या हाडावर टेकलं. तिने डावा हात माझ्या मानेवर ठेवला, कुठे पडला ते डोळ्यांनी पाहिलं आणि उजव्या हाताने तारा छेडल्या.

"कळतंय का काही?" ताईने विचारलं.

"तिसरी तार उतरलीय," छोटी म्हणाली.

ताईने उठून तिसरी तार चढवली. त्या दिवशी एवढंच झालं.

पुढची सहा वर्षं मी ऑर्केस्ट्रात वाजले. पहिल्या काही कार्यक्रमांत लोक मला बघून हसले. कुणी इस्त्रीचं टेबल म्हणालं. छोटी हसणाऱ्यांकडे बघायची नाही आणि टाळ्या वाजवणाऱ्यांकडेही नाही. पुढे फोटो आले, कौतुक आलं. वाद्यांच्या दुकानाचा एक मालक ताईकडे आला आणि अशा दहा करून द्या म्हणाला.

"नाही," ताई म्हणाली. "दुसऱ्या कुणाचा हात असा नाहीये."

सातव्या वर्षी, छोटी वेगळ्या घरी राहायला लागली होती तेव्हा, एका सकाळी तिने गॅसवरचं भांडं डाव्या हाताने उचललं आणि झटकन खाली ठेवलं. बोटं पोळली होती. ती सिंकपाशी उभी राहून बोटांकडे बघत राहिली. तिने नळ सोडला, बंद केला, पुन्हा सोडला. पाणी गार होतं, हे तिला कळत होतं.

ही चांगली बातमी होती, नाही का? तरी दोन महिने तिने ती कुणाला सांगितली नाही. मग कपाटावरची जुनी गिटार काढली, तिला नव्या तारा लावल्या आणि मला दुकानात घेऊन आली.

"ताई, हा बगळा ठेव तुझ्याकडे. बोटांना कळायला लागलंय."

ताई तार गुंडाळत होती. "कधीपासून?"

"दोन महिने झाले."

"बोलली नाहीस ते."

"तू तरी कुठे बोललीस?"

"काय?"

"स्विचचं."

ताईचा हात थांबला. किती वेढे झाले ते ती विसरली. मोठ्याने ओरडणं, गळ्यात पडणं, असलं तिथे काही झालं नाही.

"बंद आहे म्हणाले होते मी," ताई म्हणाली.

"हो."

"बघितलं नव्हतं. तशीच म्हणाले. चूक माझी होती."

"माहितीय." छोटीने मला बाकावर ठेवलं. "गिटार फार चांगली केलीस तू, ताई. सहा वर्षं वाजवली मी. पण मला हे ऐकायचं होतं."

मग तिने चहा मागवला. दोघींनी तो प्यायला आणि छोटी गेली. पुढच्या रविवारी ती जेवायला आली, त्याच्या पुढच्याही. हळूहळू त्या दोघी बोलायला लागल्या, एकमेकींच्या चुकाही काढायला लागल्या.

ताईने मला भिंतीवर खिळ्याला टांगलं, तारा चढवलेल्या तशाच ठेवून. कदाचित छोटी परत मागेल, असं तिच्या मनात असावं. छोटीने मागितलं नाही. चार वर्षं माझ्यावर तांब्याचा चुरा आणि व्हार्निशची वाफ बसली. मानेत लोखंडी सळई घालायची असते, हे मी घडले तेव्हा ताईला माहीत नव्हतं. तारा ओढत राहिल्या आणि मान वाकत गेली. मला काही वाटत होतं का? नाही. ताण सारखाच राहिला, की तो जाणवेनासा होतो.

आठ दिवसांपूर्वी सुतारकाका आले. आता त्यांना काठी लागते. त्यांनी मला खाली काढलं, एक डोळा मिटून मानेच्या लांबीवरून नजर टाकली आणि विचारलं, "तारा सैल नाही केल्यास?"

काकांनी एकेक खुंटी उलटी फिरवली. सहाही तारा ढिल्या पडल्या. मग त्यांनी माझी मान दोन पट्ट्यांत धरून शिकंज्यात, म्हणजे लाकूड दाबून धरणाऱ्या पकडीत, आवळली आणि सांगितलं, "पंधरा दिवस अशीच राहू दे. बरीचशी सरळ होईल. पूर्ण नाही व्हायची."

मित्रांनो, आज त्या शिकंज्यात माझा नववा दिवस आहे. तुमच्या घरातही एखादी वस्तू असेल, जिचं काम संपलं आहे. ती टाकू नका, असा हट्ट मी धरणार नाही. पण भिंतीला टांगण्याआधी तिचा ताण तेवढा उतरवा. आणि कुणाची माफी मागायची असेल, तर ती तोंडाने मागा. 'चूक माझी होती' हे ताईचे तीन शब्द मी सहा वर्षं चोचीच्या टोकाने त्या हाडापर्यंत पोचवायला बघत होते. सूर पोचले. शब्द ताईलाच बोलावे लागले.