गॅसच्या खणातले कार्ड

घर बांधायला आम्हाला दोन वर्षे लागली. भिंती मेहुण्याने रचल्या, वायरिंग त्याच्या मुलीने केले आणि मी, आयुष्यभर ग्रंथालयात पुस्तकांची कार्डे लिहिलेला माणूस, विटा हातात देता देता दोघांच्या पायात येत राहिलो. बायको न्यूमोनियातून उठून तिच्या बहिणीकडे थांबली होती. या हिवाळ्यात गारठा अजिबात चालणार नाही, असे डॉक्टरांनी बजावले होते. आणि आमच्या बाजूला बर्फ पडला की तारा तुटतात, दोन-दोन दिवस वीज येत नाही.

फोनवर ती एकच विचारायची, "अहो, वीज गेली तरी घर उबदार राहील ना?"

"बहुधा," मी म्हणायचो.

"बहुधा असेल तर मी इथेच बरी. मार्चपर्यंत."

मार्चपर्यंत त्या घरात एकट्याने राहायची कल्पना मला सोसवेना. म्हणून मला जे येते ते मी केले. घरातल्या प्रत्येक वस्तूचे कार्ड लिहिले. विजेवरच्या वस्तू एका खणात, गॅसवरच्या दुसऱ्यात.

"भाऊजी, मोठा जनरेटर घ्या," मेहुणा म्हणाला. "एक बटण दाबलं की सगळं चालू. कार्डं कसली पिसताय?"

"आणि बर्फात जाऊन ते बटण कोण दाबणार, बाबा?" भाची म्हणाली. "आतोबा, बॅटरीच घ्या. वीज गेली की आपोआप सुरू होते."

मी बॅटरी घेतली. उबेसाठी गॅसचा बॉयलर आणि खोल्याखोल्यांत त्याच्या गरम पाण्याने तापणारे रेडिएटर. विजेच्या खणातली कार्डे भाचीला दिली, तिने त्या वस्तू बॅटरीला जोडल्या. सगळे झाले. तरी रविवारी सकाळी मी मेन स्विच खाली ओढला.

"अजून शंका?" मेहुणा म्हणाला. "पोरीच्या कामावर?"

"तिच्या नाही रे. माझ्या."

दिवे तसेच राहिले. फ्रिज गुरगुरत होता. मेहुण्याने ऐटीत केटल लावून चहा केला. तासाभराने मी रेडिएटरला हात लावला. गार.

भाचीने बॉयलरचे झाकण काढले. "पंप बंद आहे. गरम पाणी फिरवायला वीज लागते, आतोबा. ज्योत पेटवायलाही."

"मग जोडला का नाहीस?" बाप तिच्यावर घसरला.

"विचारलं होतं मी. आतोबा म्हणाले, तो गॅसच्या खणात आहे. एरवी ते इतकं ठाम बोलतच नाहीत, म्हणून मला वाटलं, केलं असेल काहीतरी."

मेहुणा हसत हसत पायरीवरच बसला. मलाही हसू आवरेना. एका पुस्तकाचे विषय दोन असतील तर कार्डेही दोन करा, हे मी एकतीस वर्षे नव्या लोकांना घोकवून घेतले होते.

मी बॉयलरचे दुसरे कार्ड लिहिले आणि ते विजेच्या खणात सर्वांत पुढे लावले. त्याला दोन दिवसांत सात युनिट लागणार होते आणि बॅटरीत मावत होते नऊ. मला एकदम सगळे स्पष्ट दिसले.

"फ्रिज काढ बॅटरीवरून," मी भाचीला म्हणालो.

"आणि दूध?"

"मागच्या दाराबाहेर ठेवू. बर्फ काय कमी आहे? केटलही काढ. चहा गॅसवर होतो."

"टीव्ही तरी राहू द्या," मेहुणा म्हणाला.

"तो तू तुझ्या घरी बघ."

"आज काय झालंय भाऊजींना?" त्याने मुलीला विचारले. ती स्क्रूड्रायव्हर तोंडात धरून हसली.

बॅटरी पूर्ण भरल्यावर बुधवारी सकाळी मी पुन्हा मेन स्विच ओढला आणि या वेळी वर केलाच नाही. दर तीन तासांनी झोपायच्या खोलीतला पारा लिहून ठेवला. तो एकदाही विसाच्या खाली आला नाही. शुक्रवारी सकाळी, बॅटरीत अजून एक युनिट शिल्लक असताना, मी फोन लावला.

"अहो, वीज गेली तर..."

"गेलेलीच आहे. परवापासून. स्वेटर काढून बसलोय मी."

"बहुधा?"

"नाही. उद्या सकाळी न्यायला येतो."



"आधी स्वेटर घाला," ती म्हणाली. "मी पिशवी भरते."