हिरव्या पडद्यावरचं तिकीट

चेन्नईतल्या अंबत्तूरच्या एका कंपनीत बिझनेस प्रोसेस मॅनेजमेंट आणायला मला पुण्याहून बोलावलं होतं. तक्रार आली की ती कोणाकडून कोणाकडे जाते, याचा नकाशा मी पाच आठवडे खपून काढला. त्यात अकरा वर्षं हेल्पडेस्कवर बसणाऱ्या विजयेंद्ररावांना काही कामच उरलं नाही. नवी पद्धत सुरू होईल त्याच आठवड्यात, शुक्रवारी, त्यांना नोकरीवरून निरोप मिळणार होता.

सोमवारी ती सुरू झाली. दहाला कंपनीच्या श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्यातून तिकीट, म्हणजे तक्रारीची नोंद, आलं: लेबलं छापणारा सर्व्हर अडकलाय, बारापर्यंत चालू झाला नाही तर उत्पादनाची लाइन थांबेल. तिकीट मंजुरीसाठी मॅनेजर राममूर्तींकडे गेलं, आणि राममूर्ती विमानात! मंजुरीची वाट पाहताना उशीर मोजणारं घड्याळ थांबतं, हा शहाणपणा माझाच. त्यामुळे उशीर शून्य, पडदा हिरवागार. साडेअकरा झाले. मी उठून हेल्पडेस्कवर गेले.

"आधी काय करायचात हो?" मी विजयेंद्ररावांना विचारलं.

"तिथल्या सुब्बाला फोन. तो बंद करून चालू करतो. अंजु निमिषम, पाच मिनिटं."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तुम्ही वही घेऊन आला, अम्मा. आम्हाला आडिट वाटलं. आडिटला पुस्तकातलंच सांगायचं असतं."

मला रडावं की ओरडावं कळेना. सगळ्यांनी मला पुस्तकच वाचून दाखवलं होतं, आणि मी मूर्खासारखी त्याचीच चित्रं काढली होती.

मी सुब्बाला फोन लावला. तो एवढंच विचारत राहिला, "विजयेंद्र सार कुठे?" अनोळखी बाईच्या सांगण्यावरून तो बटणाला हात लावेना.

"आता मी बोललो तर नियमभंग म्हणून पडद्यावर माझं नाव लाल होणार," विजयेंद्रराव म्हणाले. तरी त्यांनी फोनसाठी हात पुढे केला. बाराला सात मिनिटं असताना सर्व्हर चालू झाला.

संध्याकाळी राममूर्ती विमानतळावरून थेट आले. अहवाल पाहून खूश. "एकच नियमभंग, आणि तोही ज्याला काढतोय त्याचाच! मॅडम, तुमची पद्धत अचूक आहे."

विजयेंद्ररावांनी ऐकलं. ते टेबलाचा खण रिकामा करू लागले. मला स्वतःची भयंकर लाज वाटली.

"सर," मी म्हणाले, "आज लाइन वाचवली ती विजयेंद्ररावांच्या ह्या लाल ओळीनं. माझ्या हिरव्या नकाशानं ती बुडवलीच होती. तो चुकलाय, असं अहवालात माझ्या नावानं लिहा."

राममूर्तींनी पेन उघडलं नाही. खण रिकामा होतच राहिला.