ऑडिझमवर गोळी

'ऑडिझम'. रोहिणीनं मोबाइलवर देवनागरीत टाइप केलेला इंग्रजी शब्द सिंधुबाईंनी दोनदा वाचला. मग खुणेनं विचारलं, कुणाला झालाय? गोळी हाय का ह्याच्यावर?

रोहिणीनं आधी आईकडं बोट दाखवलं, मग अंगणात खुर्च्या मांडणाऱ्या बापाकडं, कारभारीकडं. खाली अर्थही लिहिला होता : ऐकू येतं म्हणून स्वतःला शहाणं समजणं आणि बहिऱ्यांचं परस्पर ठरवणं.

सिंधुबाई फणकारल्या. लेकीसाठी खुणा करून हात झिजवले ते काय शेजारणीनं?

कारभारीचा हिशोब मात्र चोख. लेक बहिरी, आज बघायला येणारा नवरदेव बिजवर. दोन्हीकडची खोट सारखी, व्यवहार फिट्ट. रोहिणीच्या मनात पाटोद्याचा अभिमन्यू होता. मोबाइल दुरुस्तीचं दुकान, पण तोही बहिरा. "दारात कोण आलं ते काय कुत्र्यानं सांगायचं?" म्हणून कारभारीनं तो विषय संपवला होता. तेव्हा सिंधुबाईही हसल्या होत्या. काय झालं, असं पोरीनं विचारल्यावर नेहमीची खूण केली होती : नंतर सांगते.

पाहुणे आले. सुपारी फोडायला नवरदेवाचे चुलते गहिनीनाथ पुढं सरसावले. "पोरीची पसंती?"

"आमची हाय की," कारभारी म्हणाला.

"मग झालं! बायको बहिरी म्हंजी लई बरं. भांडणात आपुन एकट्यानंच बोलायचं!"

बैठक खदखदली. चहाचा ट्रे घेऊन उभ्या रोहिणीनं आईकडं पाहिलं. काय म्हणाले?

सिंधुबाईंचा हात सवयीनं 'नंतर'कडं वळला आणि अधांतरी थांबला. मग त्यांनी सगळं सांगितलं. पसंतीचं, भांडणाचं, हसण्याचंही.

रोहिणीनं ट्रे खाली ठेवला. तबकातली सुपारी उचलून मुठीत धरली आणि गहिनीनाथांकडं बघत नकाराची मान हलवली.

"कारभारी, काय म्हनती ही?"

"तिलाच इचारा," सिंधुबाई दारातून म्हणाल्या. "मान तर दिसती ना तुमाला?"

पाहुण्यांची जीप चहा न घेताच गेली. कारभारी भिंतीकडं तोंड करून कडाडला, "कुणी सांगितलं हुतं तुला तिला सांगायला? घालवलं ना स्थळ! बसा आता दोघी माझ्या उरावर!"

रोहिणीनं आईचा खांदा हलवला. बाप काय म्हणतोय?

सिंधुबाईंनी आधी नवऱ्याच्या पाठीकडं पाहिलं. मग 'उरावर'साठी स्वतःच्या छातीवर थाप मारून तेही सांगितलं. रोहिणीनं आईच्या हातांवरची नजर काढली नाही. कारभारीचं बोलणं अजून संपलं नव्हतं.