ब्रेक ओढल्याचा आवाज

मित्रांनो, एखाद्या राजाच्या सिंहासनावर बसली नसतील एवढी माणसं माझ्यावर बसून गेली आहेत, हे आधीच सांगून ठेवते. मी चाकांची खुर्ची. आता बरीच जुनी झाले आहे. मागे दोन मोठी चाकं, पुढे दोन छोटी, पाठीला निळं रेक्झिन आणि त्या रेक्झिनला एक चीर. त्या चिरेतून डोकावणारा कापूस बघून लोक मला म्हातारी म्हणतात. म्हणोत बापडे.

एका अंधाऱ्या कारखान्यात नळ्या वाकवून मला जोडलं गेलं. जोडणाऱ्या वेल्डरला ऐन वेळी शिंक आली, त्याचा हात हलला आणि मी डाव्या बाजूला केसभर कलले. तेव्हापासून माझं मोठं डावं चाक फिरताना किंचित डुलतं. तपासनिसाने माझ्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, चालेल. तेव्हापासून मी चालतेच आहे.

पुढे एका मोठ्या रुग्णालयात माझी ऐन उमेद गेली. तिथल्या माझ्या पराक्रमांवर एक पोथी होईल. एकदा एका पैलवानाला नेताना मी लिफ्टशी शर्यत लावली होती. उतारावरून मी अशी सुटले, की पैलवान तळमजल्यावर पोचला तेव्हा त्याची पाठदुखी वरच्याच मजल्यावर राहिली होती. तो तसाच उठून घरी चालत गेला. याला वॉर्डबॉय साक्षीदार होता. तो आता हयात नाही, म्हणून बिनधास्त सांगते.

मग चकचकीत नव्या खुर्च्या आल्या. कालपर्यंत 'ती निळी आणा रे, ती हलकी पळते' म्हणणाऱ्यांनी मला जिन्याखाली मोडक्या खाटांच्या संगतीला ढकललं. तिथे धूळ खात पडले असताना एका गृहस्थाने मला विकत घेतलं आणि आपल्या थोरल्या बहिणीकडे पोचवलं. इथपर्यंतचं मी थोडं मीठमसाला लावून सांगितलं. इथून पुढचं मात्र जसं घडलं तसंच सांगणार आहे, कारण ते वाढवून सांगावं असं नाही.

ती बहीण म्हणजे मावशी. तिचं लग्न झालं नव्हतं. सारी हयात टेलिफोनच्या कचेरीत, कानाला यंत्र लावून गेली. त्या काळी लोक नंबर सांगायचे आणि ती जोडून द्यायची. निम्म्या शहराचे नंबर तिला पाठ होते. नोकरी संपल्यावर पाय गेले, पण डोकं लख्ख होतं. कुणी विचारलं, की कुठल्या मिठाईच्या दुकानाचा जुना नंबर काय होता, तर दुकान बंद पडून जमाना झाला तरी ती घडाघडा सांगायची. आपल्या आठवणीचा तिला गर्व होता आणि तो ती लपवतही नसे.

घर तळमजल्यावर होतं. दारापासून फाटकापर्यंत माझ्यासाठी सिमेंटचा उतार करून घेतला होता. दुपारी मावशी मला उताराच्या माथ्यावर आणायची, ब्रेकचा दांडा ओढायची आणि रस्ता बघत बसायची. दांडा ओढला की खट असा आवाज होई. तो ऐकल्याशिवाय तिचे हात मांडीवर येत नसत. बसल्या बसल्या तिला डुलकी लागे. माझं पुढचं एक छोटं चाक हललं की किरकिरायचं. तेल घालू का, असं कुणी विचारलं तर ती म्हणे, राहू दे, ही बोलते ते बरं आहे, जराशी सरकली तरी मला जाग येते.

तिच्याकडे तिची भाची शिकायला राहिली होती. मावशी तिला ठकी म्हणायची. ठकी महाविद्यालयात सिनेमा शिकत होती. त्या वर्षी मुलांना एका थरारपटाची फक्त सुरुवात करायची होती, दोन-चार मिनिटांची. त्यांच्या मॅडमनी सांगितलं होतं, की सुरुवातीलाच कुणाला मारू नका. संकट प्रेक्षकाला दिसू द्या आणि पात्राला दिसू देऊ नका, भीती आपोआप येते. ठकीने हे घरी येऊन मावशीला सांगितलं. मावशी म्हणाली, मग पेपर वाचताना मला रोजच भीती वाटते ती हीच.

ठकीच्या डोक्यात एक दृश्य होतं. एक मुलगी लांबलचक रिकाम्या व्हरांड्यातून चालली आहे आणि कुणीतरी जमिनीलगत, न थांबता, आवाज न करता तिच्या मागे येत आहे. त्यासाठी कॅमेरा सरळ, संथ पुढे सरकायला हवा. मोठ्या सिनेमावाल्यांकडे त्यासाठी रूळ असतात. या मुलांकडे मी होते.

ठकीने घाबरत घाबरत विचारलं. मावशीने चष्म्यावरून पाहिलं.

"कुणी आपणहून खुर्ची सोडलेली ऐकलीयस का आजवर? मी सोडते. एक दिवस पलंगावर बसेन. पण सिनेमात माझं नाव घालायचं हं, ठके."

मित्रांनो, मला भारी आनंद झाला होता. या वयात सिनेमात काम मिळणार, म्हणजे काय!

ठकीच्या सोबत दोन मित्र होते. कॅमेरा धरणारा जाड चष्म्याचा, त्याला सगळे भिंग म्हणत. आवाज घेणाऱ्याला कानसेन म्हणत, कारण त्याला मुंगी चाललेलीही ऐकू येते अशी त्याची ख्याती होती. भिंग कॅमेरा घेऊन माझ्यावर बसला, ठकीने मला ढकललं आणि कानसेनने लगेच हात वर केला. किरकिर येत होती. त्यांनी पुढच्या चाकात तेल ओतलं आणि माझी वाचा बसली. पुन्हा ढकललं, पुन्हा हात वर. आता घासल्याचा आवाज येत होता. माझं डुलणारं डावं चाक दर फेऱ्याला ब्रेकच्या लोखंडी पट्टीला चाटून जात होतं. कानसेन खाली वाकला, पाना घेतला, दोन्हीकडचे ब्रेक सैल केले आणि चाकांपासून लांब सरकवून ठेवले. दांडा होता तिथेच होता. ओढला तर खटही वाजत होतं. पण पट्टी चाकापर्यंत पोचत नव्हती.

परत करताना घट्ट करू, असं तो म्हणाला. ठकीने हो म्हटलं.

मग मी अशी धावले की काय सांगू. लोण्यातून सुरी फिरावी तशी. भिंग पडद्यावर बघत म्हणाला, अंगावर काटा आला. मुलं नाचली. एकमेकांना टाळ्या दिल्या. संध्याकाळी ठकी मला घरी घेऊन आली. सिनेमाच्या नादात ब्रेक तिघांच्याही डोक्यातून गेला. येताना भर रस्त्यात ती मला ढकलत कानसेनशी हसत होती आणि माझे दोन्ही ब्रेक चाकांपासून दूर लटकत होते.

दुसऱ्या दिवशी ठकी कॉलेजात ते दृश्य जोडायला गेली. दुपारी मावशी नेहमीसारखी उताराच्या माथ्यावर आली. तिने दांडा ओढला. खट. तिने हात मांडीवर ठेवले. मॅडम म्हणाल्या होत्या ते अगदी बरोबर होतं. संकट प्रेक्षकाला दिसत होतं आणि पात्राला दिसत नव्हतं. फक्त त्या दुपारी प्रेक्षक मी एकटीच होते.

तिची मान कलली. पेपर मांडीवरून घसरला. झोपेतच ती तो धरायला पुढे झुकली आणि मी निघाले. किरकिरायचं म्हटलं तर घशात तेल. फाटकाच्या खांबावर मी आदळले. मावशी माझ्या पुढे फरशीवर पडली. समोरचा शिंपी टेप गळ्यात तसाच धावत आला.

खुब्याचं हाड मोडलं होतं.

ठकी रुग्णालयातून मावशीचे कपडे न्यायला घरी आली. मी फाटकाशी आडवी पडले होते. तिने मला उभं केलं, दांडा ओढला आणि मी तरीही सरकले. ती जमिनीवर बसली. मग तिने सिनेमाच्या सामानाच्या पिशवीतून पाना काढला. मला वाटलं, ही आता कुणाला तरी बोलावणार, दाखवणार. तिने पट्ट्या जागेवर आणल्या आणि बोल्ट घट्ट केले. इतके घट्ट, की तिच्या तळव्यावर वळ उठले. ती रडत होती, पण पाना थांबला नाही.

दुसऱ्या दिवशी मामा आला, म्हणजे मावशीचा तोच धाकटा भाऊ. त्याने माझा दांडा ओढला आणि मला पायाने रेटून पाहिलं. मी जागची हलले नाही.

"ब्रेक तर ठणठणीत आहे," तो म्हणाला. "ताई लावायलाच विसरली."

ठकी दारात उभी होती. तिने ऐकलं.

मावशी घरी आली तेव्हा सगळ्यांचं बोलणं बदललं होतं. शिंपी तिच्याशी मोठ्याने आणि सावकाश बोलायला लागला, जणू ती बहिरी झाली होती. मामा दर दोन दिवसांनी येऊन गॅस बघून जाई. मावशी सुरुवातीला भांडली. मी दांडा ओढला होता रे, मला आठवतंय, म्हणाली. मामा वाईट माणूस नव्हता. त्याने तिचा हात हातात घेतला.

"आठवतंय असं तुला वाटतं, ताई."

मित्रांनो, खांबावर आदळण्यापेक्षा हे वाक्य वाईट होतं. त्या दिवसापासून मावशी स्वतःवर पाळत ठेवायला लागली. कडी लावली का म्हणून परत परत बघायची. रात्रीचं औषध घेतलं का, ते ठकीला विचारायची. एकदा सकाळी ती जुने नंबर पुटपुटत होती. एका दवाखान्याच्या नंबरावर अडली. आठवला तिला, मी शपथेवर सांगते, पण मग ती म्हणाली, की हा बरोबर आहे कशावरून? त्यानंतर तिने नंबर म्हणणं सोडलं.

ठकी रोज सांगायचं ठरवायची. सकाळी तोंड उघडायची आणि दूध उतू जाईल म्हणून वळायची. तिच्या गप्प बसण्यावर दिवसामागून दिवस चढत गेले, आणि जितका उशीर झाला तितकं बोलणं जड झालं. शेवटी मामाने वृद्धाश्रमात जागा बघितली. मावशीने हट्ट केला नाही. मीच आता माझ्या भरवशाची राहिले नाही, एवढंच म्हणाली. तिथे त्यांच्या स्वतःच्या खुर्च्या होत्या, म्हणून मला मागे ठेवलं. घर बंद करायचं ठरलं. ठकी वसतिगृहावर जायची होती.

त्याच आठवड्यात कॉलेजात आपापल्या कामाबद्दल बोलायचं होतं. सिनेमा कसा केला, काय शिकलात, पुन्हा केला तर काय वेगळं कराल. मुलांना दाखवायला मलाही वर्गात नेलं. आधी ते दृश्य दाखवलं. रिकामा व्हरांडा, चालणारी मुलगी, मागून येणारं ते मुकं काहीतरी. शेवटी काळ्या पडद्यावर आभाराची एक ओळ आली, त्यात मावशीचं नाव होतं. मॅडम म्हणाल्या, की अशी सुरुवात बऱ्याच वर्षांत पाहिली नाही. भिंग उजेडाबद्दल बोलला. कानसेन म्हणाला, की एकही नको असलेला आवाज आला नाही, याचा त्याला अभिमान आहे.

मग ठकीची पाळी आली. तिने माझ्या मुठी धरल्या होत्या, त्या सोडल्या नाहीत. तिने ब्रेक सैल केल्यापासून घट्ट केल्यापर्यंत सगळं सांगितलं. कानसेनचा चेहरा पांढरा पडला. त्याला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं.

मॅडमनी विचारलं, "मावशीला सांगितलंस?"

"नाही."

"मग इथे कशाला सांगतेस?"

ठकीने मला तिथून जे बाहेर काढलं, ते रस्ते ओलांडत, पदपथावर चढवत उतरवत, थेट वृद्धाश्रमात. मावशी खिडकीजवळच्या पलंगावर होती. बारीक झाली होती. ठकी खाली बसली आणि पुन्हा सगळं बोलली. या वेळी तिला शब्द सापडत नव्हते, तरी एकही गोष्ट तिने वगळली नाही. मावशीने शेवटपर्यंत ऐकलं आणि तिच्या केसांवरून हात फिरवला.

"लहानपणापासून अशीच तू. दुसऱ्याचं अंगावर घेणारी."

ठकीने डोकं हलवलं. तिने पाना काढला, माझे ब्रेक सैल करून मागे सरकवले आणि दांडा ओढला. खट. मग तिने मला एका बोटाने ढकललं. मी भिंतीपर्यंत गेले, बिनआवाज. जन्मात एवढी मन लावून मी कधी धावले नव्हते.

"बघ मावशी. असा होता. अगदी असा."

मावशीने माझ्याकडे पाहिलं, मग पान्याकडे. तिच्या डोळ्यांत माया होती.

"सैल तर तू आत्ता केलास, ठके. माझ्या डोळ्यांदेखत. एवढीही मी गेलेली नाही अजून."

आता मी त्या वृद्धाश्रमाच्या व्हरांड्यात असते. ठकीने ब्रेक नीट बसवून मला तिथेच ठेवलं आहे, पण मावशी माझ्यावर बसायला तयार होत नाही. तिला माझी भीती वाटत नाही, स्वतःची वाटते. ठकी दर रविवारी येते आणि तेच सांगते. एकदा मामाला घेऊन आली. त्याने मान खाली घालून ताईची माफी मागितली. मावशीने त्यालाही समजावलं, की अरे, हिचं काय ऐकतोस, माझ्यापायी बोलते ती. शेजारच्या पलंगावरच्या बाईंना ती कौतुकाने सांगते, की भाचीचा एवढा जीव आहे माझ्यावर, दर आठवड्याला येऊन खोटं बोलते.

म्हणून सांगते, मित्रांनो. दुसऱ्याची वस्तू मागून आणलीत, तर ती होती तशी करून परत द्या. पुसा, आवळा, एकदा हलवून बघा. आणि हातून काही बिघडलंच, तर ज्याचं बिघडलं त्याला गाठा, आणि त्याच दिवशी गाठा. तो रागावेल, ओरडेल, तुमचं तोंड बघणार नाही म्हणेल. तरी जा. तो रागावतो, म्हणजे त्याचा अजून तुमच्या बोलण्यावर विश्वास बसतो आहे.